पाठवणी, पाणी आणि मोडशी

‘मिशन’ हा शब्द मराठीत येऊन दोनशे वर्षे होऊन गेली. मिशन हॉस्पिटल, मिशन कंपाउंड, रामकृष्ण मिशन, आणि हल्ली सरकारी परिपत्रकांत बोकाळलेले ‘मिशन मोडवर काम’. शब्द इतका घरचा झाला की त्याचा अर्थ विचारायचे आपल्या मनातही येत नाही. कोणी विचारलाच तर आपण ‘मोहीम’ म्हणतो, नाहीतर ‘धर्मप्रसारक मंडळ’. चुकीचे दोन्ही नाहीत, पण शब्दाच्या पोटात दोन्ही शिरत नाहीत. लॅटिनमध्ये ‘मित्तेरे’ म्हणजे पाठवणे. त्यावरून झालेले नाम ‘मिस्सिओ’. त्याला सरळ मराठी शब्द शोधायचा तर तो आपल्या लग्नघरातच सापडतो: पाठवणी.

या धातूची बाकीची पिलावळ पाहिली तर खात्री पटते. फेकून पाठवायचे ते मिसाईल, लिहून पाठवायचा तो मेसेज. वसईच्या चर्चमध्ये रविवारी ‘मिस्सा’ असते, तीही यातलीच. उपासना आटोपल्यावर लोकांना घरी पाठवताना जो लॅटिन शब्द उच्चारला जाई, त्याचेच नाव पुढे साऱ्या उपासनेला पडले. चर्चच्या जुन्या भाषेत ‘मिशन’ म्हणजे देवाने पुत्राला आणि पवित्र आत्म्याला जगात पाठवणे. माणसांना समुद्रापार धर्मकार्याला पाठवण्यासाठी तो शब्द वापरात आणला सोळाव्या शतकातल्या जेझुइटांनी.

आपल्या ‘पाठवणे’चे कूळही तपासण्यासारखे आहे. त्याचा ‘पाठ’शी, म्हणजे पृष्ठाशी, काही संबंध नाही. संस्कृत ‘प्रस्थापयति’, प्राकृत ‘पट्ठावइ’, मराठी ‘पाठवणे’ अशी ही वाट आहे. म्हणजे पाठवणीचे सख्खे नाते ‘प्रस्थान’शी. पूर्वी प्रवासाचा मुहूर्त गाठता येत नसेल तर आधीच एक गाठोडे शेजारच्या घरी नेऊन ठेवत, त्याला ‘प्रस्थान ठेवणे’ म्हणत. माणूस अजून घरातच जेवतो आहे, पण प्रवास सुरू झाला. (हल्ली मालिकांमुळे पाठवणीची ‘बिदाई’ होऊ लागली आहे. आपला एवढा खानदानी शब्द घरात असताना ही उसनवारी का करावी, मला तरी कळलेले नाही.)

मिशन म्हणजे पाठवणी, हे एकदा ध्यानात आले की मिशनऱ्याचे पहिले दिवस मराठी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. नवी सून सासरी आली की तिच्याबद्दल आपण जी क्रियापदे वापरतो, ती सगळी त्याला लागू पडतात. धर्मांतराचा वाद मी इथे काढत नाही, तो शब्दचर्चेचा प्रांत नव्हे. मला कुतूहल आहे ते पहिल्या काही महिन्यांचे: पोट बिघडलेले, कानांवर पडणारी भाषा म्हणजे नुसता गलका, आणि परतीची वाट सहा महिन्यांची.

अमेरिकेतून पाठवणी झालेली पहिली मंडळी मुंबईलाच आली. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावी पाच तरुणांना दीक्षा मिळाली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, आणि नॉटची पत्नी रॉक्साना, आधी कलकत्त्याला पोहोचले. तिथे ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना चंबूगबाळे आवरायला सांगितले. मग ते ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईच्या बंदरात उतरले. मधल्या काळात, जून १८१२ मध्ये, इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध जुंपले होते. त्यामुळे हे पाहुणे कंपनीच्या लेखी नुसते नकोसे नव्हते, शत्रूच्या देशाचेही होते. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्या मनात सहानुभूती होती, कलकत्त्याहून आलेला हुकूम मात्र परत पाठवण्याचा होता. वर्षभर हे प्रकरण लोंबकळले. एकदा तर ते जहाजातून गुपचूप निसटले, कोचीनला पकडले गेले आणि पुन्हा मुंबईत आणले गेले. सासरच्यांनीच उंबरठ्यावरचे माप ओलांडू दिले नाही, असा प्रकार.

याच वाटेने निघालेली हॅरिएट न्यूवेल मुंबई बघूच शकली नाही. नोव्हेंबर १८१२ मध्ये मॉरिशसला ती वारली, तेव्हा ती १९ वर्षांची होती.

आता त्या क्रियापदांकडे येऊ. पहिले, ‘मानवणे’. ‘इथली हवा मला मानवली’ असे आपण म्हणतो. नवख्याला यात ‘मानव’ दिसतो, पण त्याच्याशी याचा थेट संबंध नाही. हे ‘मानणे’चे रूप आहे. त्याची व्याकरणातली बसण मोठी मार्मिक आहे. मी हवेला मानत नाही, हवा मला मानवते. कर्ता हवा, मी नुसता ‘मला’. तसेच ‘मला इथलं अंगवळणी पडलं’, ‘मला सवय झाली’, ‘मला करमतं’. नव्या जागी बसण्याची जेवढी म्हणून वाक्ये मराठीत आहेत, त्यांतल्या बहुतेकांत माणूस चतुर्थीत जाऊन बसतो. शिकस्त त्याने करायची, निकाल मात्र हवा, पाणी, दिवस यांच्या हातात. ‘ॲडजस्ट होणे’ आपण आता सर्रास म्हणतो आणि त्यात कर्तेपण माणसाकडे येते. मला मात्र जुनी रचना जास्त खरी वाटते. पहिले सहा महिने परक्या मुलखात काढलेल्या कोणालाही विचारा.

हवेनंतर पाणी. ‘पाणी’ म्हणजे संस्कृत ‘पानीय’, म्हणजे प्यायला योग्य असे. गंमत अशी की परदेशी उतरलेल्या माणसाला पहिली सूचना मिळते ती हीच, की इथले पाणी पानीय नाही. मग ते ‘लागते’. पाणी लागणे हा शुद्ध मराठी आजार आहे. डॉक्टर त्याला पाच नावे देतील, पण नव्या गावच्या पाण्याने पोट बिघडले, अंग जड झाले, चेहरा उतरला, हे सगळे आपण दोन शब्दांत सांगतो. ‘लागणे’ ज्या ‘लग्’ धातूचे, त्याचेच ‘लग्न’, म्हणजे जडलेले. त्याच घरची ‘लागण’. लग्न आणि लागण ही एकाच धातूची लेकरे आहेत, हे सुनेला पाठवताना कोणी सांगत नाही एवढेच. ‘बाधणे’ थोडे जास्त गंभीर. अन्न बाधते, पाणी बाधते आणि भूतही बाधते. ‘बाधा’ हा शब्द वैद्य आणि मांत्रिक दोघांच्याही पेटीत आहे. आणि जो या सगळ्यातून तरला, त्याला आपण ‘बारा गावचं पाणी प्यायलेला’ म्हणतो. यात कौतुक आहे आणि थोडा सावधगिरीचा इशाराही. बारा गावचे पाणी पिऊन जो टिकला, त्याच्याशी जपून व्यवहार करावा.

पण पाणी नुसते लागून थांबेल असे नसे. आणि इथे एका मराठी-कोंकणी शब्दाची अशी हकीकत येते की तिच्यापुढे बाकीचे शब्द फिके पडावेत. तो शब्द ‘मोडशी’.

मोडशी म्हणजे अन्न न पचून होणारा ओकाऱ्या-जुलाबांचा विकार. शब्द ‘मोडणे’वरून आला. अंग मोडून येते, माणूस मोडून पडतो, तसलाच हा. सोळाव्या शतकात गोव्यात गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य राहत होता. हिंदुस्थानातल्या औषधी आणि आजारांवर त्याने संवादांच्या रूपात एक ग्रंथ लिहिला, तो १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात तो पटकीसारख्या भयानक रोगाचे वर्णन करतो आणि सांगतो की इथले लोक याला ‘मोर्शी’ म्हणतात, आम्ही पोर्तुगीज त्याचे बिघडवून ‘मोर्देशी’ केले आहे. आपल्याच लोकांनी शब्द बिघडवला अशी कबुली देणारा परदेशी विरळाच, म्हणून मला हा वैद्यबुवा आवडतो.

गोव्याच्या बंदरातून हा शब्द पोर्तुगीज जहाजांवर चढला. पुढे फ्रेंच लोकांच्या कानांवर पडला. त्यांना ‘मोर्देशीं’ काही कळेना, म्हणून त्यांनी त्यात आपले ओळखीचे शब्द ऐकले: ‘मोर द शियँ’, म्हणजे कुत्र्याचे मरण. लोकव्युत्पत्ती म्हणतात ती हीच. कळत नसलेल्या शब्दाला माणूस आपल्या भाषेचे कपडे चढवतो. फ्रेंचांकडून इंग्रजांनी हे नाव घेतले आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हिंदुस्थानातले इंग्रज पटकीला ‘कुत्र्याचे मरण’ या फ्रेंच नावाने ओळखत. त्यांना वाटे हे नाव रोगाच्या क्रौर्यामुळे पडले. आपल्याकडेही ‘कुत्र्याच्या मौतीने मरणे’ असल्यामुळे आपल्यालाही ते पटले असते. प्रत्यक्षात त्यात कुत्रा कधीच नव्हता. कोंकणातल्या कुठल्या तरी आजीच्या तोंडची मोडशी होती ती, दोन भाषांचे समुद्र ओलांडून ओळखू न येण्याइतकी बदललेली.

१८१७ मध्ये बंगालमधून पटकीची मोठी साथ उठली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत पोहोचली. आपले लोक तिला महामारी म्हणाले, जरीमरी म्हणाले, देवळे बांधली. हॅरिएटचा पती सॅम्युएल न्यूवेल मुंबईत हॉलच्या सोबतीला येऊन राहिला होता. तो १८२१ मध्ये पटकीने गेला. नॉट दांपत्य प्रकृतीमुळे १८१५ मध्येच परतले होते. हॉल राहिला, तेरा वर्षे राहिला. मराठी शिकला, शाळा काढल्या, नव्या कराराच्या मराठी भाषांतरात राबला. मार्च १८२६ मध्ये तो नाशिक-त्र्यंबकच्या दौऱ्यावर गेला. तिकडे पटकीचा कहर चालला होता. जवळची औषधे लोकांना वाटत तो परतीच्या वाटेला लागला आणि एका खेड्यात रात्री देवळाच्या ओसरीवर मुक्कामाला थांबला. पहाटे त्यालाच पटकीने धरले. २० मार्चच्या दुपारपर्यंत तो उरला नाही. वय ४१. हवा मानवली होती, भाषा अंगवळणी पडली होती, पाण्याने मात्र तेरा वर्षांनी डाव साधला.

शब्दांचे बरे असते. त्यांना पटकी होत नाही. पोर्तुगीजांबरोबर आलेली माणसे गेली, पण पाव, बटाटा, चावी, बादली, पगार, लिलाव, घमेले, बिजागरी असे शब्द मागे राहिले आणि रुळले. हे ‘रुळणे’ पाहा. केस खांद्यावर रुळतात, वाट पावलांनी रुळते, सून घरात रुळते, शब्द भाषेत रुळतो. या चारींत एक समान गोष्ट आहे: ताठपणा जाणे. नवा शब्द आधी ताठ असतो, त्याला विभक्ती लावताना जीभ अडखळते. मग कोणी तरी ‘पगाराला उशीर झाला’ म्हणून जातो आणि पोर्तुगीज पगार मराठीत सामान्यरूप घेऊन मोकळा होतो.

त्याच पोर्तुगीजांकडून ‘पाद्री’ आला. मूळ ‘पाद्रे’, म्हणजे बाप. लॅटिन ‘पातेर’, आणि आपला संस्कृत ‘पितृ’ त्याचाच भाऊ. हे नाते आज शाळेत शिकवतात, पण ज्याने ते फार आधी हेरले तो माणूस स्वतःच पाद्री होता आणि तोही नवखाच. थॉमस स्टीफन्स, इंग्लंडचा जेझुइट. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाला, २४ ऑक्टोबरला गोव्याला लागला. पोहोचल्यावर तीन आठवड्यांच्या आत त्याने लंडनला आपल्या बापाला पत्र लिहिले. वाटेत दीडशेवर लोक आजारी पडले, २७ दगावले, आणि दर वेळच्या मानाने हा आकडा लहानच समजतात, असे त्यात आहे. बापाला धीर देण्याची ही पद्धत म्हणायची की काय, देव जाणे. बरोबर चार वर्षांनी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, त्याने भावाला लिहिले तेव्हा मात्र सूर निराळा आहे. इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, हे त्याच्या कानांनी टिपले होते. संस्कृतचे ग्रीक-लॅटिनशी नाते सांगणाऱ्या विल्यम जोन्सच्या प्रसिद्ध व्याख्यानाच्या दोनशे वर्षे आधी! आणखी तेहतीस वर्षांनी, १६१६ मध्ये, त्याचे ओवीबद्ध क्रिस्तपुराण रायतूरला छापले गेले. छापले रोमन लिपीत, पण भाषा मराठी. बापाला मेलेल्यांचा आकडा कळवणारा माणूस ओवी रचू लागला, याला ‘ॲडजस्ट झाला’ म्हणणे म्हणजे त्याचा अपमानच. तो रुळला.

सुनेबरोबर पहिल्या खेपेला पाठराखीण जाते. (हिच्यातली ‘पाठ’ मात्र खरोखरची पाठ, पृष्ठावरून आलेली.) मिशनऱ्याची पाठराखीण कोण? पंतोजी. रोज सकाळी येऊन भाषा शिकवणारा, कोणाला ‘तू’ म्हणायचे आणि कोणाला ‘आपण’ हे सांगणारा, अक्षराला वळण लावणारा. ‘अंगवळणी’तले वळण तेच. आधी अक्षर वळायचे, मग जीभ आणि सगळ्यांत शेवटी अंग. बदल्यात लोक मिशनऱ्याला ‘साहेब’ म्हणत. आज या शब्दात हुकमत आहे, खुर्ची आहे. अरबीत मात्र ‘साहिब’चा पहिला अर्थ सोबती, पैगंबरांच्या सोबत्यांना ‘सहाबा’ म्हणतात ते त्यावरूनच. परक्या गावात ज्याला सोबतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच आपण सोबती म्हणत होतो आणि कोणालाच ते ठाऊक नव्हते.

सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईला आली. ‘अमेरिकन बोर्ड’ या मिशनसंस्थेने समुद्रापार पाठवलेल्या पहिल्या अविवाहित स्त्रियांपैकी ही एक. तिच्या पाठवणीत नवरा नव्हता, नुसती पाठवणीच. पुढे ती नगरला गेली. तिथली तिची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली, हे वाचकांना ठाऊक आहे. १८६२ मध्ये ती नगरलाच वारली. मराठी पुस्तके तिला ‘मिस फरार’ म्हणतात. ‘फरार’ अरबी, पळून गेलेला. अखेरपर्यंत काम न सोडणाऱ्या बाईचे हे नाव वाचताना मला दर वेळी हसू येते.

मधल्या काळात प्रकृती सुधारायला ती एकदा अमेरिकेला जाऊन आली. अशा माहेरपणाला मिशनऱ्यांत ‘फर्लो’ म्हणत. मूळ डच ‘फेरलोफ’, म्हणजे रजा. मराठीत हा शब्द आता वर्तमानपत्रात भेटतो तो तुरुंगाच्या बातमीत: अमुक कैद्याला फर्लो मिळाली. मिशनरी गेले आणि शब्द येरवड्याला जाऊन राहिला.

परक्या मुलखातल्या त्या पहिल्या अवस्थेला ‘कल्चर शॉक’ असे नाव रूढ केले मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी, १९५४ मध्ये रिओ द जनेरोला दिलेल्या एका व्याख्यानात. त्यांनी टप्पे सांगितले, त्यांतल्या पहिल्याला नाव दिले मधुचंद्र. लक्षणे सांगितली, त्यांत सारखे हात धुणे, आणि पिण्याचे पाणी, अन्न, भांडी, अंथरूण यांची नको तितकी धास्ती. म्हणजे फिरून लग्न आणि फिरून पाणी. मराठीत त्याचे ‘सांस्कृतिक धक्का’ असे भाषांतर झाले आहे, आणि ते कोणी बोलताना ऐकल्याचे मला तरी आठवत नाही. धक्का एकदाच बसतो. पाणी लागते ते हळूहळू, आणि उतरतेही हळूहळू. म्हणून ‘पाणी लागणे’ हेच त्याचे मराठी नाव असावे, असे माझे मत आहे.

अलीकडे ‘मिशन ट्रिप’ असा जोडशब्द निघाला आहे. दोन आठवडे, बाटलीबंद पाणी, परतीचे तिकीट आधीच काढलेले. ट्रिप ती ट्रिप. पाठवणी तिला म्हणवत नाही.

आता वाचकांकडे एक मागणे. नव्या गावी जाऊन पोट बिघडले तर तुमच्या भागात काय म्हणतात? पाणी लागलं, बाधलं, की आणखी काही? आणि ‘मोडशी’ हा शब्द घरातल्या कोणाच्या तोंडून तुम्ही स्वतः ऐकला असेल, तर गाव आणि नेमका अर्थ लिहून कळवा. कोशात तो आहे. मला तो बोलण्यात हवा आहे.